न घडलेला प्रसंग आणि खोटा चरित्रपट

‘न घडलेला एकही प्रसंग घातला की चरित्रपट खोटा ठरतो, आणि शैलीदार मांडणी ही अभ्यासाचा अभाव झाकण्याची युक्ती असते,’ अशा आशयाचा संदेश नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यात ‘झुंड’चे (२०२२) उदाहरण असल्यामुळे त्याचा समाचार नागपूरकरांनीच घेतलेला बरा.

पहिला आक्षेप असा की नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांना पडद्यावर विजय बोराडे केले, ही फसवणूक आहे. वस्तुतः नाव बदलून नागराज मंजुळे यांनी ‘हे बारसे यांचे जसेच्या तसे चरित्र नव्हे’ हे उघडच सांगितले. बारसे सांगतात त्या आठवणीत मुले पावसात मोडकी बादली लाथाडत होती. पडद्यावर प्लास्टिकचा डबा आला. त्याने मूळ घटनेचा अर्थ तसूभरही बदलत नाही.

दुसरा आक्षेप शैलीवर आहे. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) दादासाहेब फाळके यांची ओढाताण हसतखेळत, जवळजवळ फार्सच्या अंगाने मांडतो, म्हणून त्याला उथळ म्हणणे सोपे आहे. परंतु फाळक्यांच्या चरित्रातले सर्वांत रचलेले वाटणारे तपशीलच खरे आहेत: वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपण्याचा प्रयोग त्यांनी केला होता, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या त्यांच्या पहिल्या चित्रपटातल्या तारामतीसाठी स्त्री मिळेना तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनाच लुगडे नेसवले होते. गंभीर पार्श्वसंगीत लावल्याने हे अधिक खरे झाले नसते. कथा यशापाशी थांबते आणि १९४४ साली नाशकात झालेला विपन्नावस्थेतला मृत्यू बाहेर राहतो, यावर खुशाल वाद घालावा. तो वाद निवडीचा आहे, शैलीचा नव्हे.

वास्तववादी चित्रणच प्रामाणिक, या तिसऱ्या मुद्द्यावर फार शब्द खर्चायला नकोत. बंद दाराआडचा संवाद कोणी टिपून ठेवलेला नसतो. तो पटकथाकारच लिहितो आणि अस्सल वेशभूषेमुळे आपण तो निमूटपणे खरा मानतो.

चौथा मुद्दा मात्र निम्मा बरोबर आहे. ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) काशीबाई आणि मस्तानी एकत्र ‘पिंगा’ नाचतात, यावर पेशव्यांच्या वंशजांनीही हरकत घेतली होती. ‘असे घडलेच नव्हते’ एवढी तक्रार पुरेशी नाही. मस्तानीला घरात थारा न मिळणे हेच ज्या कथेचे मूळ दुखणे आहे, तिच्यात दोघींना एका ठेक्यावर नाचवले की ते दुखणेच हलके होते, आणि चित्रपटाच्या आरंभी झळकणारी कोणतीही सूचना त्याची भरपाई करू शकत नाही.