दिवा लागला नाही म्हणजे चिप जळाली, असं नाही

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘कॅसेटवाला जुना व्हिडिओ गेम सुरू होत नसेल तर ९ व्होल्टचा कुठलाही अ‍ॅडाप्टर लावा. नाही झाला तर कॅसेटमध्ये फुंकर मारा. तरीही लाल दिवा लागला नाही तर चिप जळाली समजा, भंगारात द्या.’ तिन्ही सूचना चुकीच्या आहेत. पहिलीने तर धडधाकट मशीनही जळू शकतं.

‘कुठलाही अ‍ॅडाप्टर’ हे सगळ्यात घातक. पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर जुळला असं होत नाही. सेगा मेगा ड्राइव्ह या गेम मशीनच्या पहिल्या मॉडेलला डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) लागतो, पिनच्या मध्ये ऋण आणि बाहेर धन. दुसऱ्या मॉडेलला नेमकं उलटं. निन्टेंडो कंपनीच्या एनईएस या मशीनचा मूळ अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) देतो, कारण एसीचा डीसी करायची सोय त्या मशीनच्या आतच आहे. तोच अ‍ॅडाप्टर पहिल्या मेगा ड्राइव्हमध्ये सहज शिरतो, आणि तिथे ती सोय नाही. बर्डीच्या बाजारात मिळणारे साधे एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी लावायचे अ‍ॅडाप्टर, बहुतेक मध्ये धन असलेले असतात. म्हणून आधी मशीनच्या जॅकजवळची, मध्ये धन की ऋण ते दाखवणारी गोलाची खूण पाहा, मग अ‍ॅडाप्टरवरची. अँपिअर जास्त असेल तर चालतं, कमी नको. व्होल्ट मात्र वाढवू नका. आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्ट ठरावीक ठेवणारा तीन पायांचा भाग) ५ व्होल्टच पुढे सोडतो, उरलेल्याची उष्णता करतो. १ अँपिअरला ९ व्होल्टवर ४ वॅट, १२ व्होल्टवर ७ वॅट. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे असते, हे त्यात धरा.

फुंकरीचं थोडक्यात. लाल दिव्याचा कॅसेटशी बहुतेक मशीनमध्ये संबंधच नसतो. कॅसेट न लावताही तो लागतो. एनईएसचा दिवा लुकलुकतो तेव्हा मात्र कॅसेटचा संपर्क नीट होत नसतो, पण तिथेही तोंडातली वाफ पिना गंजवते. उन्हाळाभर कूलरची ओलसर हवा खाल्लेल्या कॅसेटांवर हिरवा थर मी कितीदा पाहिलाय. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आता ‘चिप जळाली’. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मुलाचा मेगा ड्राइव्ह भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवला होता. अ‍ॅडाप्टर मल्टीमीटरवर १२ व्होल्टच्या वर दाखवत होता. जुन्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर भार नसताना एवढे दिसतात, तो दोष नाही. मग पिन जॅकमध्ये घालून हलकेच वर दाबली आणि दिवा क्षणभर पेटला. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला, तर जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी बारीक गोल भेग. वर्षानुवर्षं वायर ओढून सोल्डर सुटलं होतं. जुनं सोल्डर काढलं, नवं भरलं, दिवा लागला. चिपला हातही लावावा लागला नाही.

शोध असाच बाहेरून आत न्यायचा: अ‍ॅडाप्टर, जॅक, स्विच, फ्यूज असेल तर फ्यूज, मग ७८०५. त्याची छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. डावीकडे ९ येतात आणि उजवीकडे काहीच नाही, तर ७८०५ तरी गेला किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. उजवीकडे ५ येत असूनही दिवा नसेल, तर दिव्याचीच वायर तपासा आणि टीव्ही लावून बघा. ५ व्होल्ट आहेत, कॅसेट स्वच्छ आहे, तरी पडदा काळा, तेव्हाच चिपचं नाव घ्यायचं.

हे सगळं बाहेर अ‍ॅडाप्टर असणाऱ्या मशीनपुरतं. पहिल्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रात घरची २३० व्होल्टची वीज थेट आत जाते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ते माहितगाराकडेच न्या.