पावलांचा पगार

एचआरने सगळ्यांच्या मनगटावर एकेक पट्टा बांधला आणि जाहीर केलं : रोज दहा हजार पावलं चाला, महिनाअखेरीस जो पुढे त्याला दोन हजारांचं व्हाउचर. पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात तोवर चालणं म्हणजे लिफ्टपासून खुर्चीपर्यंत. अकाउंट्समधले एक ज्येष्ठ बाब (गोव्यात 'राव'ला बाब म्हणतात) तर शेजारच्या टेबलावरची फाइलही फोन करून मागवायचे. दोन हजार ऐकल्यावर ते जातीने उठून फाइल न्यायला येऊ लागले. एकेक कागद करून.

दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढला म्हणून शोधलं, तर डॉक्टर नव्हताच. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांच्या अभ्यासात फायदा ७,५०० च्या आसपास वाढायचा थांबलेला दिसला. हे मी एचआरला कळवलं. उरलेली अडीच हजार टीम स्पिरिटसाठी, असं उत्तर आलं.

मग मी एका संध्याकाळी दिवजा सर्कलपासून मिरामारपर्यंत मांडवीच्या कडेकडेने खरोखर चाललो. हात पाठीमागे बांधून, कारण आमच्या घराण्याची तीच रीत. पट्ट्याने निम्मी पावलं गिळली.

पट्ट्याला पाय दिसतच नाहीत, तो मनगटाचे हेलकावे मोजतो. ऑफिसला हे कळायला चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, यावी लागली. घरच्या आरत्यांना घुमट हे मातीच्या घटाचं वाद्य वाजवून आलेल्या एका पोराने मांडी घालून, बसल्या जागी सगळ्यांना मागे टाकलं. (घुमटावर आता घोरपडीचं नव्हे, बकऱ्याचं कातडं असतं. पावलांत फरक पडत नाही.) तेव्हापासून जो तो टेबल बडवू लागला आणि सोमवारची मीटिंग सुंवारीसारखी, म्हणजे घुमटांच्या मैफलीसारखी, रंगू लागली.

दिवसभर खरा चालतो तो आमचा चहावाला पोरगा. पण तो कंत्राटी, त्यामुळे त्याला पट्टा नाही. असता तरी दोन्ही हातांत ट्रे, म्हणजे हेलकावे नाहीत. शेवटी कुणीतरी आपला पट्टा हळूच त्याच्या मोज्यात सरकवला. आठवडाभरात दोन्ही मोजे फुगले. तो एक जिना चढला की पाच जणांची तब्येत सुधारायची. मग त्याने दर लावला : पट्ट्यामागे दिवसाला वीस रुपये, शिवाय संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट. आम्ही घासाघीस करायला गेलो, तर म्हणाला, "मग तुम्हीच चाला, बाब."

मुकाट्याने पैसे दिले.

सिंगापुरात १३ संस्थांमधल्या ८०० नोकरदारांवर असाच प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. रोख पैसे मिळत होते तोवर मंडळी चालली. सहा महिन्यांनी पैसे थांबले आणि वर्षअखेर पावलं होती तिथे परत. तब्येतीतही सुधारणा नाही. आम्हाला एवढा वेळ लागला नाही. व्हाउचर वाटलं त्याच संध्याकाळी लिफ्टसमोर रांग होती.

आता नवा मेल आलाय : पुढच्या तिमाहीत झोप मोजणार, सर्वांत जास्त झोपणाऱ्याला बक्षीस. एचआरच्या बाई पुण्याच्या, गोव्यात नवीन. अकाउंट्सचे बाब आज जेवल्यावर लगेच तालमीला बसले.