कागद हवा कोणाला?

भारतातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. एक गट म्हणतो, आयटीतली सर्टिफिकेशन्स म्हणजे डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून मारलेली बाजी. दुसरा म्हणतो, ती नसतील तर एचआर सीव्ही उघडूनही बघत नाही. मग कोणीतरी मला ओढतं: 'तुमच्या जर्मनीत कोण विचारतं कागद?'

विचारतात की! कागदाचं वेड इथे काकणभर जास्तच. पण इथला नेहमीचा कागद म्हणजे 'फाखइन्फॉर्माटिकर', आयटीचं व्यावसायिक शिक्षण: कंपनीत काम करत करत तीन वर्षं शिकायचं. शेवटी सर्व्हर-नेटवर्कची शाखा घेतलेल्यांना 40 तासांचा खराखुरा प्रकल्प, आणि त्यावर परीक्षकांसमोर तोंडी. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) असोसिएट पातळीच्या परीक्षेतल्या 65 पर्यायी प्रश्नांशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. ग्रुपवरचे बहुतेक जण सर्व्हिस कंपन्यांत, म्हणजे दुसऱ्यांची आयटीची कामं करून देणाऱ्या कंपन्यांत, वाढलेले. तिथे बड्या क्लाउड-सॉफ्टवेअर कंपन्यांकडून पार्टनरचा दर्जा मिळवायला सर्टिफाइड माणसांची संख्याही मोजली जाते, टेंडरमध्येही ती दाखवावी लागते. म्हणजे तो कागद कंपनीलाच लागतो. मी आता एका कारखान्याच्या पाच जणांच्या आयटी विभागात आहे. आम्ही दर्जा दाखवायचा कोणाला?

मागच्या भरतीत आम्ही एक बिघडवलेला लिनक्स सर्व्हर पुढे ठेवला. डिस्क चाळीस टक्के मोकळी, तरी नवी फाइल तयार होईना. भरगच्च सीव्हीवाल्या एकाने तीनदा रीस्टार्ट केला. एकही सर्टिफिकेट नसलेल्याने दोन मिनिटांत ओळखलं की आयनोड (दर फाइलीला लागणाऱ्या, ठरावीक संख्येच्या नोंदी) संपलेत, आणि लाखो बारक्या फाइल्स सरळ उडवल्या. काळजात धस्स झालं! तिसऱ्या उमेदवार मुलीकडे आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅटचं लिनक्सचं सर्टिफिकेट होतं. ती परीक्षा चालत्या मशीनवरच द्यावी लागते. तिने डिस्कची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडला 'आय' लावून तेच शोधलं, पण हात आवरून विचारलं, 'या फाइल्स कोणाच्या? बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला होता?'

दुसऱ्या प्रश्नावर आम्हीच एकमेकांकडे बघायला लागलो.

तिलाच घेतलं. आरएचसीएसएमुळे घेतलं असं नाही, पण त्याच्यामुळे ती मुलाखतीपर्यंत पोचली हे नाकारत नाही. आता तिला सीसीएनए, सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, करायचंय. फी विभाग भरणार, तीन वर्षांनी मुदत संपली की पुन्हा भरणार. त्यातलं आमच्या जुनाट नेटवर्क स्विचना किती लागू पडतं, ते तिनेच येऊन सांगायचं, असं ठरलंय.