जुन्या पिकअपचं ‘भरल्या गाडीला 18’ खरं नाही

मोंढ्यापासून गॅरेजपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुनी मेकॅनिकल पंपाची पिकअप घ्या, भरलेली असो की रिकामी, लिटरला 18 किलोमीटर देतीच, सीसी कमी तेवढं ॲव्हरेज जास्त, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) डिझेल पितो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केला की अजून 3 वाढतात. आपल्याकडची पोरं कर्ज काढून सेकंडहँड गाड्या घ्यायलेत, म्हणून हे लिहितोय.

पहिलं ते 18. भरली-रिकामी सारखंच ॲव्हरेज देणारी गाडी अजून कोणी बनवली नाही भाऊ, दीड टन सोयाबीन घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढायचा तर डिझेल जास्त जळणारच. आणि नुसतं वजन नाही, वारा पण बघा. कापूस भरला की वजन फार नसतं पण माल केबिनच्या वर हातभर जातो, मग 60 ऐवजी 80 नं पळवली की वाऱ्याचा अडथळा जवळपास पावणेदोन पट होतो आणि ड्रायव्हर म्हणतो गाडी बिघडली. त्यात बरेच जण ॲव्हरेज काट्यावर मोजतात, त्याला काही अर्थ नाही. टाकी पंपाच्या ऑटो कटपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत कटपर्यंत भरा आणि जेवढे लिटर बसले त्यानं भागा. असं चार-पाच वेळा केलं तरच आकडा खरा.

सीसीचं म्हणाल तर 2005 ला आलेली टाटा एस 702 सीसीची, दोन सिलेंडर, 16 एचपी. रिकामी ती चांगलं देती कारण हलकी आहे. पण तिचं जुनं इंजिन आयडीआय, म्हणजे डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि उष्णता तिथल्या भिंतीत वाया जाते. बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन, त्यात हा तोटा नाही. दीड टन माल एसमधून दोन खेपांत नेला तर हिशोब फिरतो, म्हणून टनामागं किती जळालं ते बघा.

टर्बो बाहेर चाललेल्या धुराच्या जोरावर फिरतो, त्याला वेगळं डिझेल लागत नाही. डिझेल पितो तो वाढवून घेतलेला पंप. मेकॅनिक स्क्रू फिरवून ‘पिकअप’ म्हणजे गाडीचा उठाव वाढवून देतो, मागून काळा धूर निघतो, तो धूर म्हणजे न जळता गेलेलं तुमचंच डिझेल.

ईजीआर फुल लोडवर तसाही जवळपास बंदच असतो, मग भरल्या गाडीला 3 कुठून वाढणार? कॉमन रेल (कंप्युटरनं डिझेल सोडणाऱ्या) गाडीत चेक लाईट लागतो ते वेगळंच, आणि कंपनीनं दिलेल्यात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही.

जुन्या गाडीची एक बाजू मात्र पटते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) साफ व्हायला जास्तीचं डिझेल जळतं, गावातल्या गावात छोट्या फेऱ्या असतील तर हे जाणवतं. जुना पंप तालुक्याला दुरुस्त होतो हेही खरंय. म्हणून जुनी घ्यायची तर जरूर घ्या, पण सकाळी थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून धूर बघा, कॉम्प्रेशन तपासा, नोझल आणि पंप कॅलिब्रेशनवाल्याला दाखवा, आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीतून कमी करूनच बोला.