पत्रिका छान आहे, पण वाचायची कुणी?

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर हल्ली जे काही येतं ते चित्र असतं. हळदीकुंकवाचं आमंत्रण चित्र, गणपतीतल्या कार्यक्रमांची यादी चित्र, कुणी गेलं तर दहाव्याची वेळ आणि जागा, तेही चित्रच. कविता तर गुलाबाच्या फोटोवर चढवल्याशिवाय कुणाला कविता वाटतच नाही. माझा जन्म रावपुऱ्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्यात गेला, त्यामुळे सजावटीशी माझं वैर असायचं काही कारण नाही. त्यावरच घर चाललं. पण मराठी वाचणारी माणसं या गावात आता कोण उरली आहेत ते एकदा बघा. नातवंडं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतात झकास, वाचायची वेळ आली की फोन आजीकडे सरकवतात. म्हणजे आपली पत्रिका वाचणार ती सत्तरी ओलांडलेली मंडळी. मोतीबिंदू, काचबिंदू, साखरेनं खराब झालेला पडदा, यातलं काही ना काही घरोघर आहे. आणि नेमक्या त्यांच्या हातात आपण काय देतो, तर चार पॉइंटातला मजकूर. (पॉइंट म्हणजे छपाईतलं अक्षराचं माप.)

चार पॉइंट हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, हिशोब आहे. डिझाइन करणारा पोरगा ए-फोर पान घेतो, मोठ्या मॉनिटरवर बसवतो, मजकूर १२ पॉइंट ठेवतो. त्याला स्वच्छ दिसतं. ए-फोरची रुंदी २१ सेंटिमीटर, फोनच्या स्क्रीनची साधारण ७. पान तिसऱ्या हिश्शाचं झालं की १२ चे ४ होतात. छापखान्याच्या काळात मी असं प्रूफ दाखवलं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढलं नसतं. त्यात आपली देवनागरी. तिला रोमनपेक्षा जागा जास्त लागते, कारण शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. मजकूर मावेना म्हणून लीडिंग, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, आवळलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक तो केवढासा, शिरोरेघेतली एक फट नाहीतर एक गाठ. अंधुक दिसणाऱ्याला तेवढीच दिसत नाही. मग ‘भाऊ येणार आहेत’चं ‘माऊ येणार आहेत’ होतं, आणि हसायला आलं तरी ज्याला ते वाचायचं असतं त्याला हसू येत नसतं.

“काका, झूम करायचं की!” हे उत्तर मला ठरलेलं मिळतं. दांडिया बाजारात माझी मावशी राहते, तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलेला आहे. समोरच्या माणसाचं तोंड तिला पुसल्यासारखं दिसतं, कान मात्र दिसतात. वाचायचं ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं. तिच्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून दिलंय, ओळीत तीन-चार शब्द मावतात. साधा टाइप केलेला मेसेज आला की त्या मापात तो आपोआप नव्यानं ओळी पाडतो, आणि ती बोटानं वर सरकवत शेवटपर्यंत वाचते. चित्राला हे जमत नाही. चित्र मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. ती चित्र डावीकडे ओढत ओढत ओळ संपवते, मग परत पहिल्या टोकाला यायचं, तोवर आपण कितव्या ओळीवर होतो ते हरवलेलं. वेळ सापडली की तारीख जाते, तारीख सापडली की हॉल जातो. शेवटी फोन ठेवून देते आणि मला विचारते, “काय रे, कधी आहे ते?” मंडळवाले म्हणणार, मावशींचा हल्ली उत्साह कमी झाला.

आमच्या सोसायटीतला एक तरुण जन्मापासून पाहू शकत नाही. नोकरी बँकेत. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं तो वापरतो: फोनवर टॉकबॅक, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए. हे दुसरं २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालं आणि फुकट मिळतं. मराठी साहित्य तो माझ्यापेक्षा जास्त वाचतो, म्हणजे ऐकतो, आणि इतक्या वेगानं की मला त्यातलं अक्षर कळत नाही. त्याला आपली पत्रिका म्हणजे ‘फोटो’ एवढा एक शब्द. चित्रात काय आहे याचा अंदाज फेसबुक २०१६ पासून सांगू लागलं, पण चित्रात फूल आहे आणि मजकूर आहे, हे कळून त्यानं करायचं काय? आता नवी यंत्रं चित्रातली अक्षरंही ओळखतात, मान्य. सरळ छापलेलं बरंच नीट ओळखतात. पण झेंडूच्या तोरणावर वळणदार, सोनेरी, सावली दिलेली अक्षरं टाकलीत की तीही गोंधळतात. आपल्याला ५ चा ६ दिसला तर आपण डोळे चोळून पुन्हा बघतो. ऐकणाऱ्याला चूक झाल्याचा पत्ताच लागत नाही, तो बिचारा सहाला हॉलवर पोचतो.

रंगांचं तर विचारूच नका. वेबवरच्या मजकुरासाठी जगभर मानले जाणारे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक नेहमीच्या मजकुरासाठी निदान ४.५ पट हवा, मोठ्या मथळ्यासाठी ३ चालतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१. आता आपले लाडके रंग घ्या. हळदीकुंकवाच्या पत्रिकेतलं शुद्ध पिवळ्यावर शुद्ध लाल: ३.७ च्या आसपास. मथळा निघून जाईल, पण खाली पत्ता त्याच रंगात बारीक टाकलात की संपलं. आणि केशरीवर पांढरी अक्षरं, ज्यांच्याशिवाय आपली एक जयंती साजरी होत नाही: ढोबळ मानानं २. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात भिंगच पिवळसर, गढूळ होतं आणि उजेड पसरतो, तिथे हे २ म्हणजे काहीच नाही. अक्षर काळं करा, केशरी हवं तर चौकटीला द्या. उत्सव बाटत नाही.

जुन्या धंद्यातला म्हणून एक गोष्ट मात्र मी ठासून सांगणार. आपल्या संस्थांच्या स्मरणिका आणि अंकांच्या पीडीएफ पाहिल्या तर पुष्कळ अजून युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टातल्या. पानावर सुरेख मराठी दिसते. त्यातली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये टाकून बघा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा पडेल. त्या फॉन्टांत ‘क’च्या जागी संगणकाला भलतंच अक्षर माहीत असतं, वर फक्त ‘क’चं चित्र चढवलेलं. वाचून दाखवणारं यंत्र चित्र बघत नाही, आतलं अक्षर वाचतं. म्हणजे ज्या अंकासाठी संपादकांनी शुद्धलेखनावरून चार माणसांशी भांडणं केली, तो अंक त्या बँकेतल्या मुलाच्या कानात नुसता खडखडाट करतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं एकदा नजरेखालून घालावी लागतात, बस.

आणि ही बडोद्याची खास खिचडी: सुरुवात मराठीत, मधली ओळ गुजराती लिपीत, पुढे इंग्रजी अक्षरांत मराठी. यंत्राकडे प्रत्येक भाषेचा आवाज वेगळा असतो. गुजराती लिपी निदान ओळखून तरी घेता येते. इंग्रजी अक्षरांतली मराठी ते इंग्रजीच्या आवाजात वाचतं, आणि ‘उद्या सगळ्यांनी या’मधल्या उद्याच्या उड्या होतात. श्रद्धांजलीखाली ओळीनं नमस्काराची दहा चिन्हं (इमोजी) टाकली की यंत्र दहाही वेळा त्या चिन्हाचं नाव घेतं. एक टाका, पोचतो.

महाराजांचं नाव घेतल्याशिवाय बडोदेकराची पोस्ट पुरी होत नाही, तर घेतो. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, गावोगाव वाचनालयं काढली, जिथे वाचनालय नाही तिथे पेट्यांतून पुस्तकं फिरवली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बघा, पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे याची काळजी जमिनीची फरशी निवडताना घेतली होती. आपण फॉन्ट निवडतानाही घेत नाही.

कायद्याचं मी फार बोलत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. पण मंडळाच्या चिटणीसावर कुणी खटला भरणार नाही, आणि भरूही नये. त्यांना इतकंच सांगणं आहे की चित्र खुशाल पाठवा, पोराची हौस मारू नका. फक्त त्याच चित्राखाली कॅप्शनमध्ये कार्यक्रम, वार, तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर साधं टाइप करा. नंबर टाइप केला की दाबून फोनही लावता येतो, चित्रातला नंबर कागदावर उतरवून घ्यावा लागतो. फेसबुकवर फोटो टाकताना एडिटमध्ये ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे चित्राचं वर्णन लिहायची, जागा असते, तिथे दोन वाक्यांत चित्रात काय आहे ते लिहा. “ध्वनिमुद्रण पाठवतो” म्हणणाऱ्यांनाही सांगतो, पाठवा, पण नंबर ऐकायला ते तीनदा मागं घ्यावं लागतं, टाइप केलेल्या मजकुराची जागा ते घेऊ शकत नाही.

ज्या संस्थांना जुन्या फॉन्टातल्या स्मरणिका युनिकोडमध्ये करून हव्या असतील त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवावं. पैसे नकोत, संध्याकाळी मला वेळ असतो. मूळ फाइल पाठवा. पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका.