अपेक्स सील बदललं म्हणून रोटरी इंजिन अमर होत नाही

भाच्याने परवा एक मेसेज पाठवला. मूळ सांगलीचा पोरगा, आता न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला नोकरी करतो. दोन वर्षं पैसे साठवून त्याने १९९३ ची माझदा आरएक्स-७ घेतली आहे. मेसेज थोडक्यात असा होता: "रोटरी इंजिनाचा एकच शत्रू, अपेक्स सील. माझदाचं मूळ सील बिडाचं, ठिसूळ, म्हणून फुटतं. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं, पोलादी सील फुटतच नाही. सिरॅमिक तर त्याहून कठीण, ल माँची चोवीस तासांची शर्यत त्याच्यावरच जिंकली. एकदा घाला, मग तेलाची चिंता नको, बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) कितीही वाढवा, इंजिन आयुष्यभर." खाली भाच्याचा प्रश्न: "मामा, मागवून टाकू का?"

हाच मजकूर आतापर्यंत चार जणांनी मला पाठवला आहे. ऑकलंडमध्ये मी चौदा वर्षं रोटरी इंजिनं उघडतो आणि बांधतो. या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी लोकांनी चांगली हाउसिंग्ज, म्हणजे इंजिनाची बाहेरची कवचं, भंगारात टाकलेली मी पाहिली आहेत. म्हणून भाच्याला दोन ओळींत उत्तर न देता सगळं इथे लिहितो.

ज्यांनी हे इंजिन उघडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. यात पिस्टन नसतो. कमरेत किंचित दबलेल्या अंडाकृती हाउसिंगमध्ये तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या प्रत्येक टोकाला एक खाच, खाचेत एक पट्टी. ते अपेक्स सील. खालून स्प्रिंग आणि जळणाऱ्या वायूचा दाब मिळून ते भिंतीवर दाबून धरतात. १९८६ नंतरच्या १३बी या माझदाच्या रोटरी इंजिनात ही पट्टी फक्त २ मिलिमीटर जाड असते. आता हिशेब करू. रोटरच्या केंद्रापासून टोक १०५ मिलिमीटरवर, शाफ्टची विकेंद्रता (रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून जितकं बाजूला असतं ते अंतर) १५ मिलिमीटर. त्यावरून रोटरच्या एका फेरीत सील भिंतीवर सुमारे ६९० मिलिमीटर घासत जातं. शाफ्ट ३,००० आरपीएमला फिरत असेल तर रोटर १,००० ला फिरतो. म्हणजे तासाभराच्या निवांत ड्रायव्हिंगमध्ये प्रत्येक सील ४१ किलोमीटर घासलं जातं. शिवाय ते भिंतीवर सरळ उभंही नसतं, दोन्ही बाजूंना २५ अंशांपर्यंत कलत जातं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचावं.

"मूळ सील बिडाचं म्हणून फुटतं." बीड ठिसूळ असतं, हे कबूल. बिडाचा तवा फरशीवर पडला की तडकतो, पोलादी तवा पडला तर फार तर वाकतो. पण तवा पडला का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. घरात वर्षानुवर्षं वापरलेला बिडाचा तवा आपोआप तडकत नाही. तसंच माझदाचं सीलही नुसतं चालताना फुटत नाही. ते काही साधं बीडही नाही. त्याची कड इलेक्ट्रॉन किरणांनी वितळवून झटकन थंड केलेली असते, त्यामुळे भिंतीला लागणारा भाग कठीण होतो आणि बाकीची पट्टी तशीच राहते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत चिल कास्टिंग (ओतीव बिडाचा पृष्ठभाग झटकन थंड करून कठीण करणं) पाहिलेल्या माणसाला यामागची कल्पना लगेच कळेल.

ते फुटतं नॉकिंगने. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ज्योतीच्या आधीच एकदम भडकलं की त्या २ मिलिमीटरच्या पट्टीवर हातोडा बसतो. पेट्रोल कमी ऑक्टेनचं, मिश्रणात पेट्रोलच कमी, टर्बोतून येणारी हवा तापलेली, ठिणगीची वेळ चुकलेली: कारण यांपैकी कुठलंही असू शकतं. भाच्याकडे आहे त्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये नेहमीचा प्रकार असा. मालक मोकळा एक्झॉस्ट बसवतो, बूस्ट आपोआप चढतं, इंधन मात्र पूर्वीइतकंच मिळतं. एका रात्री महामार्गावर गाडी मोकळी सोडली की संपलं. दोष मात्र सीलच्या माथी बसतो.

इथे आफ्टरमार्केट पोलादी सीलच्या बाजूचं खरं आहे ते सांगायलाच हवं. त्यांतली बरीचशी मऊ पोलादाची असतात. फटका बसला की ती वाकतात, तुकडे होत नाहीत. बिडाच्या सीलचा तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून उडून टर्बोच्या चाकात शिरतो आणि टर्बोही घेऊन जातो. पोलादी सीलने तेवढं वाचतं. ज्यांच्या गाड्या जास्त बूस्टवर चालतात आणि ज्यांनी हा धोका समजून पत्करला आहे, त्यांनी ती निवडण्यात मला काही चूक दिसत नाही. पण वाकलेलं सील भिंतीला पूर्ण लांबीभर टेकत नाही, खाचेत अडकतं, आणि कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या वायूचा दाब) जातं ते जातंच. इंजिन उतरवावं लागतंच. फुटलं नाही आणि टिकलं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि मेसेजमध्ये त्या एकच समजल्या आहेत.

"जितकं कठीण तितकं टिकाऊ." या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून याच्यावर थोडा थांबतो.

सील एकटं झिजत नाही. एका बाजूला सील, दुसऱ्या बाजूला हाउसिंगची भिंत, अशी ती जोडी असते. माझदाच्या हाउसिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या आत पोलादी पत्रा आणि त्यावर कठीण क्रोमचा थर असतो. या थरात तेल धरून ठेवणाऱ्या बारीक खाचा असतात. सील जास्त कठीण घेतलं तर ते क्रोम खातं. जास्त मऊ घेतलं तर स्वतः खपतं. यांत सील हा स्वस्त भाग आहे. हाउसिंग महाग आहे, आणि जुन्या इंजिनांसाठी नवी हाउसिंग्ज मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे.

१९६० च्या दशकात हिरोशिमात माझदाचे केनइची यामामोतो आणि त्यांचे सहकारी इंजिनीयर याच भिंतीपुढे अडले होते. चाचणीतल्या इंजिनांच्या हाउसिंगवर लाटांसारखे ओरखडे उमटत. ते त्यांना सैतानाची नखं म्हणत. मूळ कारण कंपन होतं: भिंतीवर सरकताना सील थरथरायचं. सीलच्या कडेजवळ आडवी-उभी भोकं पाडून त्याची नैसर्गिक कंपनसंख्या बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. आणि १९६७ ला माझदाची पहिली रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली तेव्हा तिच्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र करून बनवलेलं सील होतं, कठीण धातूची पट्टी नव्हे. १९६८ मध्ये नुर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत कॉस्मो चौथी आली. माझदाचं पहिलं टिकाऊ सील भिंतीला जपणारं होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

जर्मनीत एनएसयू कंपनीची आरओ ८० ही रोटरी गाडी त्याच १९६७ मध्ये आली आणि सील झिजल्यामुळे वॉरंटीच्या खर्चात बुडाली. तिथे सील तीन तुकड्यांचं, सगळे तुकडे एकाच धातूचे होते, आणि मधला तुकडा लवकर झिजायचा. उपाय म्हणून त्यांनी मधल्या तुकड्याचा धातू बदलला. तोवर नाव गेलं होतं.

मी स्वतः उघडलेलं एक इंजिन अजून डोळ्यांसमोर आहे. पोलादी सील, एक उन्हाळा ट्रॅकवर चाललेलं. मालक म्हणाला, बघा, एकही सील फुटलं नाही. खरंच होतं. सहाही सीलं अखंड. पण हाउसिंगवरून बोट फिरवलं की नखात अडकेल इतके ओरखडे होते, आणि कडेला क्रोमची खपली निघालेली. दोन्ही हाउसिंग्ज गेली. त्या माणसाचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं, कारण त्याने जे केलं ते कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं म्हणून केलं होतं.

"सिरॅमिकने ल माँ जिंकली." जिंकली. १९९१ मध्ये ५५ नंबरच्या माझदा ७८७बी ने ३६२ फेऱ्या, म्हणजे ४,९०० किलोमीटरांहून जास्त अंतर कापलं, आणि तिच्या चार रोटरच्या इंजिनात सिरॅमिक अपेक्स सीलं होती. पण त्या इंजिनाच्या हाउसिंगच्या भिंतीवर साधं क्रोम नव्हतं, सिरॅमिक आणि धातू एकत्र केलेला सर्मेटचा थर होता. पुन्हा जोडीच. त्या इंजिनाला टर्बो नव्हता, म्हणजे तुमच्या गाडीतला मुख्य हातोडा तिथे नव्हताच. आणि ते एकदा तापलं की चोवीस तास तापलेलंच चाललं. तुमची गाडी रोज सकाळी गार सुरू होते, दहा मिनिटं दुकानापर्यंत जाते, परत गार होते. सिरॅमिक हलकं असतं, भिंतीवर मायाळूही असतं, मला ते आवडतं. पण नॉकिंगचा फटका बसला की तेही फुटतं, आणि त्याचे तुकडे बिडापेक्षा कठीण असतात.

"एकदा घाला, मग तेलाची चिंता नको." उलट आहे. अपेक्स सीलला तेल मिळतं ते इंजिन मोजून मोजून आत सोडतं म्हणून, आणि ते जळून जातं. म्हणूनच निरोगी रोटरीही तेल पिते. आपल्याकडे लुना किंवा जुनी टू-स्ट्रोक चेतक चालवलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. पेट्रोलमध्ये २टी तेल घातलं नाही तर काय होतं ते त्यांना माहीत आहे. इथेही बरेच जण पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

माझदाच्या पुढच्या रोटरी गाडीचं, आरएक्स-८ चं, उदाहरण बोलकं आहे. कॉम्प्रेशन जाण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की अमेरिकेत माझदाने इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. मग २००९ च्या सुधारित मॉडेलमध्ये काय केलं? प्रत्येक रोटरला तेल सोडणाऱ्या दोन तोट्या होत्या, तिथे तीन केल्या. ज्यांनी हे सील बनवलं त्यांनी टिकाऊपणा वाढवताना आधी तेलाकडे हात नेला.

राहिलं लोक नेहमी सांगतात ते "अमक्याचं इंजिन इतकं चाललं". आफ्टरमार्केट सीलं बसतात ती बहुतेक दुसऱ्यांदा बांधलेल्या इंजिनांत, वापरलेल्या हाउसिंगवर, वाढवलेल्या बूस्टखाली. मूळ सील असतं कारखान्यातून नव्या हाउसिंगवर बसून आलेलं. या दोघांचे किलोमीटर शेजारी ठेवून निकाल देता येत नाही, कुणाच्याही बाजूने. आणि बांधणाऱ्याचा हात तर यात कुणी मोजतच नाही. आफ्टरमार्केट सीलं पुष्कळदा थोडी लांब येतात आणि घासून हाउसिंगच्या रुंदीला बसवावी लागतात. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा खेळ असतो. रोटरची खाच रुंदावलेली असेल, स्प्रिंग जुन्याच घातल्या असतील, तर जगातलं सर्वांत महाग सीलही डुलतच राहणार.

भाच्याला मी सांगितलं, आधी काही मागवू नकोस, रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्टर आण. साधा गेज चालत नाही, तो रोटर आणि भिंत यांच्यातल्या तीन कप्प्यांतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो आणि बाकीचे दोन लपवतो. प्रत्येक अपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधे असतं, त्यामुळे एक सील गेलं की शेजारचे दोन आकडे एकदम पडतात. शनिवारी आम्ही गाडी तापवून मोजलं, आकडे २५० आरपीएमच्या हिशेबात बदलून पाहिले. पुढचा रोटर चांगला आहे. मागच्याचे तिन्ही आकडे कमी, पण जवळजवळ सारखे. एखादं अपेक्स सील फुटल्याची ही खूण नाही. माझा पहिला संशय साइड सील (रोटरच्या बाजूच्या सपाट अंगावरची पट्टी) आणि भिंतीच्या झिजेवर आहे. ईस्टरच्या सुट्टीत इंजिन उतरवू, हाउसिंग मोजू, आणि क्रोम कसं आहे ते पाहून मग सील ठरवू.