सेवेची सक्ती आणि हजेरीची वही

तरुणांना समाजसेवा सक्तीची करावी, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली होती. मुख्यतः खर्चाच्या कारणाने ती मागे पडली आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. ती तशीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी रासेयोत नाव घातले ते दहा वाढीव गुणांसाठी. त्यामुळे थोडा रेटा लागतोच, हे मला मान्य आहे. पण हिवाळी शिबिरात मला थांबवून ठेवले ते गुणांनी नव्हे. कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावाच्या ओढ्यावर आम्ही वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची, सुतळीने तोंडे शिवायची, विटांसारखे सांधे मोडत थर रचायचे आणि फटींत चिकणमाती दाबून बसवायची. पोती कशी बसवायची हे आम्हाला गावातल्या एका आजोबांनी शिकवले; आमचा पहिला थर त्यांनी सरळ उचकटायला लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाणी साठलेले पाहून सगळे गप्प उभे राहिलो, तो क्षण मी आजही विसरलेले नाही.

पुढच्या वर्षी मात्र रासेयोचे वर्षाला ठरलेले १२० तास भरायचे म्हणून एका दुपारी बाकावर बसून सगळ्यांनी वर्षभराच्या डायऱ्या लिहिल्या आणि गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावून फोटो काढले. स्वेच्छेने आलेल्यांची ही गत होत असेल, तर लाखो मुलांना कायद्याने आणल्यावर वह्या भरण्यापलीकडे काय होईल? शिवाय जी मुले कॉलेज सुटल्यावर दुकानात, गोदामात काम करून घर चालवतात, त्यांच्या दृष्टीने १२० तास म्हणजे बुडालेला रोजगार आहे. सक्तीची बाजू मांडणाऱ्यांना ही मुले सहसा दिसत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरीकडे, बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात तरुण पदरमोड करून जात आले आहेत.

बंधन घालायचेच असेल तर ते महाविद्यालयांवर घालावे. एकच गाव किमान पाच वर्षे सोडायचे नाही, काय काम करायचे ते ग्रामसभेत विचारून ठरवायचे आणि अहवालात तासांऐवजी झालेले काम लिहायचे. वनराई बंधारा कच्चा असतो, तो दरवर्षी पावसाळ्यानंतर नव्याने घालावा लागतो. आमचाही पुढच्या पावसात वाहून गेला. त्या हिवाळ्यात तो पुन्हा घालायला आमच्यापैकी कोणीही गेले नाही, कारण आमचे तास भरले होते.